दिसतंय म्हणायची रीत

त्या घरातली चार माणसे रोज सकाळी एकाच गाडीत बसून एकाच विमानतळावर कामाला जात. सासरे वैमानिक घडवणाऱ्या शाळेचे प्रमुख होते, त्यांना सगळे कप्तान म्हणत. थोरला मुलगा त्याच शाळेत विमानांचा मेकॅनिक होता. धाकटा शिक्षक. विद्यार्थ्यांनी त्याचे नाव उस्ताद ठेवले होते आणि ते त्याला मनापासून आवडे. चौथी थोरली सून. ती शाळेची नव्हे, सरकारची नोकर. धावपट्टीच्या कडेच्या टॉवरमध्ये बसून कोणी आधी उतरायचे आणि कोणी थांबायचे, हे ती रेडिओवरून सांगत असे.

कप्तानांनी घराला एक नियम घालून दिला होता. विमानतळाच्या फाटकात नाती नाहीत आणि घराच्या दारात विमानतळ नाही. यातला पहिला अर्धा कधी पाळलाच गेला नाही. उस्ताद तिला वहिनी म्हणे, म्हणून त्याचे विद्यार्थी म्हणू लागले, मग इंधन भरणारे, मग आगीच्या बंबावरची माणसे, आणि शेवटी टॉवरमधले सहकारीसुद्धा. आख्ख्या विमानतळाची ती वहिनी झाली. सुरुवातीला तिला त्याचे कौतुक वाटले होते. पुढे तिच्या लक्षात आले की वहिनीशी माणसे जितक्या मोकळेपणाने बोलतात, तितक्याच मोकळेपणाने तिला गृहीत धरतात.

नियमाचा दुसरा अर्धा मात्र कडक होता. घरात विमानाचे नाव निघाले की सासूबाई ताटावरून नजर न उचलता म्हणत, "भाजी घ्या."

त्या दिवशीही सकाळी सासूबाईंनी चार डबे ओट्यावर ओळीने मांडले होते. उस्ताद उभ्या उभ्या चहा पीत होता.

"वहिनी, आज जरा दया करा हं. काल मला उगाच एक चक्कर मारायला लावलीत."

"उगाच नव्हती, भाऊजी. तुमच्या पुढे दोन विमानं होती."

"दिसत होती की मला!"

"मी विचारायच्या आधीच दिसत होती तुम्हाला."

तो खो खो हसला. "बघ आई, टोमणा. सकाळी सकाळी." मग भावाकडे वळून म्हणाला, "आज आपली ती पोरगी, पेन्सिल, एकटी उडणार आहे. पहिल्यांदा. तिचं विमान नीट बघून ठेव रे, दादा."

"सगळ्यांचीच नीट बघतो," थोरला म्हणाला.

"भाजी घातलीये खाली, डबा आडवा करू नका," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

या 'दिसतंय'ची गोष्ट आधी सांगायला हवी. दोन विमाने एकदम उतरायला आली की टॉवर मागच्याला पुढचे विमान कुठे आहे ते सांगते आणि विचारते, दिसतंय का? तो 'दिसतंय' म्हणाला की पुढच्यापासून अंतर राखणे ही त्याची जबाबदारी. 'दिसत नाही' म्हणाला तर टॉवरला त्याला बाजूला वळवून एक चक्कर मारायला लावावी लागते. त्यात इंधन जाते, विद्यार्थ्याचा तास वाया जातो, मागची रांग खोळंबते. म्हणून शाळेत रीत पडली होती. विचारले की आधी दिसतंय म्हणायचे आणि मग शोधायचे. बहुतेक वेळा विमान सापडत असे, म्हणून ती रीत शहाणपणाची वाटत असे.

जो 'दिसत नाही' म्हणे त्याच्यासाठी कँटीनच्या भिंतीवर चष्म्याची एक जुनी फ्रेम टांगलेली होती. काचा नसलेली, एक दांडी सुतळीने बांधलेली. त्या दिवशी ती त्याने नाकावर चढवून फिरायचे. कप्तानांनीच सुरू केलेली ही गंमत. मुले हसत हसत ती फ्रेम घालत, पण दुसऱ्यांदा सहसा कोणी घालत नसे. शाळा तेवढे शिकवत असे.

आणि कधी दोन विमाने नको इतकी जवळ आलीच, तर त्याचीही रीत होती. उतरल्यावर शिक्षक टॉवरला फोन करी. "वहिनी, दिसत होतं हं मला." वहिनी म्हणे, "बरं." मागच्याला पुढचे दिसत होते म्हटल्यावर वर कळवण्यासारखे काही उरत नसे. त्या एका 'बरं'ने घडलेली गोष्ट न घडलेली होई. सगळे आपापल्या डब्याकडे वळत.

वहिनी भौतिकशास्त्र शिकलेली होती. मोकळ्या आकाशातला एक ठिपका शोधायला डोळ्याला वेळ लागतो, हे तिला पुस्तकातूनही माहीत होते आणि अनुभवातूनही. ज्याला खरोखर दिसते तो जरा थांबून बोलतो. न थांबता आलेले 'दिसतंय' तिच्या कानाला बरोबर कळे. एकदा तिने रेडिओवर विचारलेही होते, "नक्की?" तेव्हा उत्तर आले होते, "काय वहिनी, घरच्या माणसावर विश्वास नाही का?" आणि त्या वेळी आकाशात असलेल्या प्रत्येकाने ते ऐकले होते. पुन्हा तिने विचारले नाही.

त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. पेन्सिल, म्हणजे शाळेतली एक उंच, काटकुळी मुलगी, आयुष्यात प्रथमच शेजारी कोणी नसताना विमान घेऊन वर गेली होती. धावपट्टीभोवतीची ठरलेली चौकोनी फेरी तिने सावकाश, एखादी रेघ ओढावी तशी पुरी करत आणली. त्याच वेळी सरावाच्या भागातून उस्ताद एका विद्यार्थ्याला घेऊन परतत होता, सरळ रेषेत, जरा घाईत. आणि नकाशे बनवणाऱ्यांचे एक पांढरे विमान नुकतेच उडून दूर चालले होते.

वहिनीने उस्तादला सांगायला माइक उचलला. "तुमचा नंबर दुसरा. पुढे डावीकडून एक विमान वळतंय, नारिंगी शेपटीचं, दिसतं—"

"दिसतंय."

तिचे वाक्य पुरेसुद्धा झाले नव्हते. ते तिच्या ध्यानात आले. पण ध्यानात येणे वेगळे आणि थांबवणे वेगळे. तेवढ्यात नकाशेवाल्याने काहीतरी विचारले आणि ती त्याच्याकडे वळली.

तिने पुन्हा पाहिले तेव्हा धावपट्टीच्या अलीकडे आकाशात एक ठिपका होता. दोन असायला हवे होते.

मग त्या ठिपक्याला दोन मजले असल्याचे दिसले. पेन्सिल वर होती. तिच्या विमानाचे पंख बैठकीच्या खाली, त्यामुळे तिला खालचे दिसत नव्हते. उस्ताद खाली होता. त्याच्या विमानाचे पंख छपरासारखे डोक्यावर, त्यामुळे त्याला वरचे दिसत नव्हते. दोघे एकाच उतारावरून, एकाच जागी टेकायला निघाले होते. वरची खालच्यावर हळूहळू बसत चालली होती.

"पेन्सिल, उतरू नकोस. वर जा. सरळ वर. आत्ता," वहिनी म्हणाली. "भाऊजी, आहात तसेच उतरा. वर घेऊ नका."

तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. नंतर तिला हे आठवले, आणि बाकी कशाहीपेक्षा त्याचीच भीती वाटली.

ठिपका फाटला. दोन विमानांच्या मध्ये उजेडाची एक चीर आली, ती रुंदावली, आणि पेन्सिल वर निघाली.

"जाते वर," रेडिओवर मुलीचा धापा टाकणारा आवाज आला. "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुझं काही चुकलं नाही. एक चक्कर मारून ये."

ती चक्कर मारून आली आणि छान उतरली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तिला खांद्यावर घेतले. काचेमागून ते सगळे आवाजाशिवाय दिसत होते.

फोन वाजला.

"वहिनी," उस्तादचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता. "दिसत होतं हं मला."

तिला 'बरं' म्हणायचे होते. ओठ उघडलेही. पण आतून काही आले नाही. नकार आला नाही, राग आला नाही, तसा 'बरं'ही आला नाही.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय."

"हं. मग झालं तर." त्याने फोन ठेवला. तिची शांतता त्याने होकारात जमा केली.

शेजारच्या टेबलावरचा वयस्क सहकारी चहाचे दोन कप घेऊन उभा होता. एक तिच्यापुढे ठेवत म्हणाला, "वहिनी, माझी पाठ होती हं तिकडे. मी काही बघितलं नाही." आणि थोडे थांबून, "साखर जास्त घातलीये. प्या."

ती प्यायली. साखर जास्त आहे, असे त्याने सांगितले होते म्हणून तिला कळले. उरलेल्या पाळीत तिने आलेले प्रत्येक विमान उतरवले आणि जाणारे प्रत्येक जाऊ दिले. कोठेही चूक झाली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर ती हातपाय धुवायला गेली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. पाणी गार आहे की गरम, हे तिला ठरवता येईना. रडावे म्हटले तर कशासाठी? कोणी मेले नव्हते. कोणाला खरचटले नव्हते. न घडलेल्या गोष्टीसाठी रडायची पद्धत तिला कोणी शिकवली नव्हती.

ओट्यापाशी ती कप विसळत असताना नवरा मागे येऊन उभा राहिला. बाहेरच्या खोलीत कप्तान आणि उस्ताद कसल्याशा सामन्यावर बोलत होते.

"धाकट्याच्या विमानाची अँटेना बदलली आज," तो हळूच म्हणाला. "छतावरची."

"का?"

"वाकली होती."

"पक्षी धडकला?"

"पक्ष्याच्या पायाला रबर असतं का?" त्याने तळहात पुढे केला. "एवढा काळा डाग होता छतावर. चाकाचा."

तिने कप ओट्यावर पालथा घातला. "आणि तो डाग?"

"पुसला."

"मग मला कशाला सांगतोस?"

त्याने तळहात मिटला. "कोणाला तरी सांगायला हवं होतं ना," तो म्हणाला.

सासूबाई मागच्या दारातून वाळलेले कपडे घेऊन आत आल्या. दोघांकडे एकदा पाहून म्हणाल्या, "घरात विमानतळ नको." पण आज त्या तिथेच उभ्या राहिल्या. कपड्यांची घडी न घालता बोलल्या, "इतकी वर्षं झाली, मी यांना कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. म्हणून नाही विचारलं."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात पेन्सिलची आई होती. औषधांच्या दुकानात काम करणारी, लेकीसारखीच उंच. दुकान बंद करून तशीच आली होती. हातात मिठाईचा खोका होता आणि चेहऱ्यावरचा आनंद तिला आवरता येत नव्हता.

"न कळवता आले, रागावू नका हं. पोरगी घरी गेल्या गेल्या झोपली. बूट घालून झोपली, काय सांगू! म्हटलं, आपण तरी जाऊन यावं." ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली. "मी कुंपणापाशी उभी होते आज. तिने बजावलं होतं, येऊ नकोस, तुझ्याच्याने बघवायचं नाही. पण राहवेना. आणि सर," ती उस्तादकडे वळली, "तुमचे आभार मानायलाच आले मी."

"माझे?" उस्ताद म्हणाला.

"तर काय! एकटी उडणार, एकटी उडणार म्हणून माझ्या पोटात गोळा. आणि बघते तर तुम्ही तिच्या खाली! पोरीला सायकल शिकवताना बाप मागून सीट धरून पळतो ना, अगदी तसं. तिला कळूसुद्धा न देता. मला तर रडूच आलं."

उस्तादने कप्तानांकडे पाहिले.

"शाळेची पद्धत आहे ती," कप्तान म्हणाले.

वहिनी दारात उभी होती. ते वाक्य तिने ऐकले. किती सहज आले ते, न थांबता.

"फोटो काढलाय मी," बाई म्हणाली. "लांबून आहे, पण बघा तरी."

फोन कप्तानांच्या हातात गेला. त्यांनी तो दूर धरून पाहिला आणि म्हणाले, "छान." त्यांनी तो थोरल्याकडे दिला. थोरल्याने फोटो बोटांनी मोठा केला, खालच्या विमानाच्या छतावर त्याची नजर थांबली. "छान आलाय," तो म्हणाला. सासूबाईंनी पदराला हात पुसून फोन घेतला. "आमचा धाकटा आहेच तसा," म्हणाल्या, पण नजर फोटोवर नव्हती. उस्तादने फोन हातात घेतला नाही. मग फोन वहिनीकडे आला.

निळ्या आकाशात दोन विमाने एकावर एक होती, एखाद्याने ती काळजीपूर्वक रचून ठेवल्यासारखी. दोघांच्या मधून आकाश जात नव्हते.

"छान आलाय ना?" बाईने विचारले.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही 'दिसतंय' म्हणालात ते विमान कसं होतं?"

"आत्ता काय त्याचं?"

"आत्ताच सांगा. रंग कोणता होता?"

"पांढरं होतं. पुढे चाललं होतं. वहिनी, पाहुण्यांसमोर—"

"पंख वर होते की खाली?"

"वर," उस्ताद म्हणाला.

थोरल्याने मान खाली घातली. त्याला ते लगेच कळले. उस्तादला कळायला क्षणभर लागला. वहिनीने फोन त्याच्यापुढे धरला तेव्हा त्याने पहिल्यांदा फोटोकडे पाहिले. वरच्या विमानाची शेपटी नारिंगी होती आणि पंख खाली होते. तो पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून उस्ताद निघून गेला आणि घरातला धाकटा तेवढा उरला.

"ते नकाशेवाल्यांचं होतं," तो म्हणाला. "म्हणजे... मी त्याच्या मागे..."

"सूनबाई," कप्तान म्हणाले, "चहाचं बघ."

"चहा झालाय, बाबा."

ती बाईच्या समोर बसली. कठीण गोष्ट सोपी करून सांगण्याची तिला सवय होती, तशीच तिने सांगितली. आवाज पुन्हा रोजच्यासारखाच होता. "हे तिच्या सोबतीला नव्हते गेले. तुमच्या मुलीच्या खाली ते आहेत, हे तिला माहीत नव्हतं. ती आपल्या डोक्यावर आहे, हे यांना माहीत नव्हतं. यांनी दुसरंच विमान पाहिलं होतं. मी विचारलं, यांनी दिसतंय म्हटलं, आणि मी ते मानलं. ते घाईत आलेलं उत्तर आहे, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मानलं. नंतर मी तिला वर जायला सांगितलं, म्हणून ती घरी झोपली आहे."

बाईचे हसू चेहऱ्यावर तसेच राहिले होते, काढून ठेवायला विसरल्यासारखे. "पण काही झालं तर नाही ना?"

"नाही."

"मग लागलं नाही एकमेकांना."

"लागलं," थोरला म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. "तिचं चाक याच्या छतावरच्या अँटेनाला लागलं. मी बदलली ती."

"तू गप्प बस," कप्तान म्हणाले.

"बसलोच होतो, बाबा."

कप्तान उठून उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. ती त्यांची पद्धत नव्हती. "या शाळेतलं एकही पोर आजवर मेलेलं नाही. एकही नाही. आणि तुला काय करायचंय? वर कळवायचंय? कळव. शाळेला कुलूप लागेल. याचं लायसन्स जाईल. तुझी खुर्ची जाईल. ती पोरगी भीतीने पुन्हा विमानात बसणार नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर जे झालंच नाही त्यासाठी."

"बाबा, चाक नुसतं घासून गेलं, तेवढं अंतर आपण ठेवलेलं नव्हतं," वहिनी म्हणाली. "ते उरलं. उद्या उरेलच असं नाही."

"वहिनी," उस्ताद म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "या एका वेळी सांभाळून घ्या. उद्या मी स्वतः मुलांना सांगतो. न बघता कोणी दिसतंय म्हणायचं नाही."

"आणि कोणी विचारलं, का सर, काय झालं, तर काय सांगाल?"

काही झालेच नव्हते, मग तो काय सांगणार होता?

पेन्सिलच्या आईने आपला फोन टेबलावर पालथा ठेवला. तिने वहिनीला विचारले, फक्त वहिनीला, "असं याआधीही झालं होतं?"

हा प्रश्न आजच्या दिवसाचा नव्हता. आजची एक चूक म्हणून मान्य करता आली असती. माणसाच्या हातून एखादी चूक होते, घरदार त्यातून सावरते, लोक विसरतात. वहिनीला हे सारे एका दमात दिसले. सासरे दिसले, दीर दिसला, टॉवरमधली आपली खुर्ची दिसली, आणि या घरात यापुढे आपल्याशी कोण बोलेल हेही दिसले. सासूबाई दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या ओठांवर 'भाजी घ्या'सारखे काहीतरी आले असावे, पण त्यांनी ते गिळले.

"झालं होतं," वहिनी म्हणाली.

"मग काय केलंत?"

"त्यांचा फोन यायचा, दिसत होतं म्हणून. मी 'बरं' म्हणायचे."

"दर वेळी?"

"दर वेळी."

बाई रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. ती हिशेब लागत नसल्यासारखी या पाच माणसांकडे आळीपाळीने पाहत राहिली. स्वच्छ कपड्यांतली, शिकलेली, पाहुण्याला आधी खुर्ची देणारी माणसे होती ती. एकाच्याही मनात तिच्या लेकीचे वाईट नव्हते. एवढी चांगली माणसे मिळून एवढे करू शकतात, हे तिला कोणी आधी सांगितले नव्हते.

"ती उद्या सकाळी पुन्हा यायचीये," ती म्हणाली. "एकटीच उडणार आहे म्हणे."

"उद्या मी वर नसेन," वहिनी म्हणाली. "असं काही कळवलं की ज्याच्या हातून झालं त्याला आधी टॉवरवरून खाली उतरवतात. ते बरोबरच आहे."

"मग उद्या वर कोण असेल?"

वहिनीला सहकाऱ्याची पाठ आठवली. पाठ करून उभा राहणारा तो भला माणूस, जास्त साखरेचा चहा देणारा. उद्या त्याची पाळी होती. त्यालाही फोन येईल आणि तोही 'बरं' म्हणेल. त्याला तरी कुठे काही वाईट करायचे असते?

ती उठली. घराचा फोन कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. तिथपर्यंत जायला कप्तानांच्या समोरून जावे लागत होते. ते बाजूला झाले नाहीत, म्हणून ती टेबलाला वळसा घालून गेली. तिने विमान अपघात कळवायच्या कचेरीचा क्रमांक फिरवला. तो तिला पाठ होता. टॉवरमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ करावाच लागतो.

पलीकडे बऱ्याच वेळाने कोणीतरी फोन उचलला.

तिने आपले पद सांगितले, आपले पूर्ण नाव सांगितले. तिचे नाव तिच्याच तोंडून या खोलीत कधी ऐकू आले नव्हते. उस्तादने मान वर केली.

"आज दोन विमानं एकमेकांना लागली," ती म्हणाली. "हवेत. कळवायचं आहे."

"जखमी किती?" पलीकडच्या आवाजाने विचारले.

"कोणी नाही."

"मृत?"

"कोणी नाही."

कागद सरकल्याचा आवाज आला. "बाई, मग एवढी घाई काय आहे? उद्या कामाच्या वेळात कळवा. चूक कोणाची म्हणून लिहू?"

"पहिली माझी लिहा. बाकीच्या सांगते."

"अहो, पण कोणी मेलेलं नाही ना?"

"नाही," वहिनी म्हणाली. "म्हणूनच आजच लिहून घ्या."

मागे खुर्ची सरकली. थोरला तिच्याजवळ येऊन उभा राहिला. पेन्सिलच्या आईने मिठाईचा खोका टेबलावरून उचलून आपल्या मांडीवर घेतला होता, पण ती जायला उठली नव्हती.

"बरं," पलीकडचा आवाज कंटाळून म्हणाला. "सांगा. सावकाश सांगा."

आणि वहिनीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.